बडोद्यात नर्सिंग संपवून पहिल्या नोकरीवर जाताना

आमच्या घरी मराठी, वॉर्डात गुजराती आणि केसपेपरवर इंग्रजी. दांडिया बाजारात वाढलेल्या माझ्यासारख्या बाईची नोकरीची सव्वीस वर्षं या तीन भाषांत ये-जा करण्यात गेली. त्यातली शेवटची दहा वर्षं नवीन लागलेल्या मुलामुलींना वॉर्डात तयार करणं हेही माझंच काम आहे. जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, तीन वर्षं किंवा बी.एस्सी.ची चार वर्षं करून आलेली ही मुलं अभ्यासात कच्ची नसतात. त्यांची अडचण वेगळीच असते. कॉलेजात ‘येत नाही’ म्हटलं की मार्क जातात, ओरडा बसतो; त्यामुळे ‘मला हे माहीत नाही’ हे वाक्य गिळायची सवय लागलेली असते. वॉर्डात ते वाक्य गिळलं की पेशंटच्या जिवावर बेततं. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर मी एकाच गोष्टीचा आग्रह धरणार आहे: विचारा, स्पष्ट बोला आणि बोललात ते लिहून ठेवा.

शेवटच्या वर्षातच कागद सरळ करा

आपल्या मराठी घरांत हमखास अडणारी गोष्ट आधी सांगते. गुजरातेत शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव, आणि त्याच्या शेपटाला ‘भाई’ लागतो. आधारवर वडील ‘अशोकराव’, दाखल्यावर ‘अशोकभाई’, नर्सिंगच्या मार्कशीटवर नुसते ‘अशोक’. आडनावाचं स्पेलिंग तर प्रत्येक कागदावर निराळं. घरच्यांना यात काही वावगं वाटत नाही, पण गुजरात नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीचा अर्ज गेला की हेच आडवं येतं, आणि तिथे जे नाव छापून येईल ते पुढची तीस वर्षं तुमच्या मागे येतं. म्हणून शेवटच्या वर्षाची परीक्षा होण्याआधी सगळे कागद एका टेबलावर मांडा, आईवडिलांना शेजारी बसवा आणि एक-एक अक्षर ताडून पाहा. चूक सापडली तर निकालाची वाट न बघता दुरुस्तीला लागा.

पास झालात, कॉलेजचा कोर्स पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की कौन्सिलची नोंदणी हे पहिलं काम. नोंदणी नसलेली मुलगी वॉर्डात कितीही हुशार असली तरी कायद्याच्या नजरेत नर्स नसते. काही कमी-जास्त झालं तर तिच्या पाठीशी कुणी उभं राहू शकत नाही. ‘अर्ज केलाय, नंबर येईल’ एवढ्यावर इंजेक्शनं द्यायला लावणारी ठिकाणं आहेत. तिथे नंबर येईपर्यंत सिनिअरच्या हाताखालीच काम करेन असं सांगा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या देशभराच्या रजिस्टरमध्येही नाव चढवून घ्या. त्यातून प्रत्येक नर्सचा स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी त्या काळात १५० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं, तेव्हा पहिल्या कार्यशाळेपासूनची सर्टिफिकेटं एका फाईलीत ठेवत जा.

पुण्या-मुंबईला मामा-काकांकडे राहून नोकरी करायचा विचार असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वेगळी करावी लागते, गुजरातचा नंबर तिथे चालत नाही. लग्न होऊन महाराष्ट्रातून बडोद्याला येणाऱ्या मुलींनाही हेच उलट बाजूनं लागू आहे. साखरपुडा झाला की लगेच हे काम काढा. आमच्याकडे दोन हुशार मुली केवळ याच कागदापायी कित्येक महिने घरी बसून होत्या.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारायचे असतात

मुलाखतीला गेलेली मुलं पगाराचा आकडा ऐकतात, मान डोलावतात आणि बाहेर येतात. आकड्याच्या आधी एक प्रश्न विचारा: रात्रपाळीला एका नर्सकडे किती पेशंट असतात? इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या हॉस्पिटलात पाचांमागे एक आणि आयसीयूत एकास एक असायला हवी. प्रत्यक्षात हे क्वचितच दिसतं. पण समोरची मेट्रन हा आकडा किती सरळ सांगते, यावरून त्या जागेचा अंदाज येतो.

मग विचारा: नवीन माणसाला सिनिअरबरोबर किती दिवस जोडून देतात? बेसिक किती आणि भत्ते किती? पीएफ कापता का? कापत असतील तर बेसिक आणि महागाई भत्ता मिळून त्याच्या १२ टक्के तुमच्याकडून आणि तेवढेच मालकाकडून जातात, आणि तुम्हाला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, मिळायला हवा. नोटीस पिरियड किती? नेमणूकपत्र हातात घेतल्याशिवाय रुजू होऊ नका.

पगाराबद्दल एक माहिती असू द्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं खासगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली होती: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर पगार राज्य सरकारी नर्सइतका, आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० च्या खाली नको. शिफारसच ती, सगळीकडे पाळली जात नाही. तरी मुलाखतीला बसताना हे आकडे डोक्यात असले की माणूस मिळेल त्याला लगेच ‘हो’ म्हणत नाही.

मूळ सर्टिफिकेटं दाखवायची, ठेवून द्यायची नाहीत. माझ्या पहिल्या नोकरीत मी माझी मूळ मार्कशीटं भोळेपणानं जमा केली होती. वर्षभरानं दुसरीकडे निवड झाली तेव्हा ती परत मिळवायला मला तीन महिने खेटे घालावे लागले आणि तोवर ती जागा भरून गेली. ‘झेरॉक्स ठेवा, मूळ कागद आत्ता ताडून पाहा’ एवढंच म्हणा. शांतपणे म्हटलं की बहुतेक लोक ऐकतात.

सोडून जाताना अनुभवाच्या दाखल्यावर हॉस्पिटलच्या खाटांची संख्या लिहून घ्या. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला, म्हणजे नॉरसेटला, जीएनएमवाल्यांकडून किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. आकडा नसलेला दाखला घेऊन नंतर धावाधाव होते. गुजरात सरकारच्या भरतीत संगणकाचं मूलभूत ज्ञान आणि गुजराती किंवा हिंदी येणं लागतं, तेही लक्षात ठेवा.

रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीची लस

तीन डोस: आज, एका महिन्यानं, सहाव्या महिन्यात. म्हणजे आज ठरवलंत तरी पूर्ण संरक्षण अर्ध्या वर्षानं. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करा. १० किंवा त्याहून जास्त आलं की ठीक. कॉलेजात डोस झाले असतील तर तारखा लिहिलेलं कार्ड शोधून ठेवा.

पहिला आठवडा: वॉर्ड पाठ करा

पहिल्या आठवड्यात कुणी तुमच्याकडून मोठ्या कामाची अपेक्षा करत नाही, आणि हा आठवडा पुन्हा मिळत नाही. क्रॅश ट्रॉलीचा, म्हणजे पेशंट अचानक कोसळला की लागणाऱ्या औषधांच्या आणि सामानाच्या गाडीचा, प्रत्येक खण उघडून काय कुठे आहे ते स्वतःच्या हातानं पाहा. अॅड्रीनलिन वरच्या खणात डावीकडे की उजवीकडे, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, अंबू बॅगला मोठ्यांचा आणि लहानांचा मास्क आहे का, सक्शनची नळी जोडलेली आहे का. जोडीची मुलगी असेल तर एकीनं डोळे मिटून सांगायचं आणि दुसरीनं खण उघडून तपासायचं. रात्री तीन वाजता हेच कामी येतं.

कॅन्युलाचे, म्हणजे शिरेत घालायच्या नळीचे, रंग तुम्हाला पाठ असतात: हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४; आकडा मोठा तशी नळी बारीक. वॉर्डात शिकायचं ते हे की रक्त चढवायचं असेल किंवा पेशंट ऑपरेशनला जाणार असेल तर सोपं जातं म्हणून निळी लावून मोकळं व्हायचं नाही.

आयाबेन आणि वॉर्डबॉय यांची नावं पहिल्याच दिवशी विचारून घ्या. वीस वर्षं त्या वॉर्डात काढलेल्या आयाबेनना कोणता पेशंट आज गप्प आहे, कुणी ताटाला हात लावला नाही, हे तुमच्या आधी कळतं. त्यांनी ‘सिस्टर, जरा जुओ ने’ (जरा बघा ना) म्हटलं की हातातलं काम ठेवून उठा.

वॉर्डातली गुजराती: घरातली पुरत नाही

आपण बडोद्याचे, गुजराती बोलतोच, असं प्रत्येक मराठी मुलाला वाटतं. बाजारातली गुजराती वेगळी आणि दुखण्याची वेगळी. याची मला आयुष्यभर पुरेल अशी आठवण आहे.

नोकरीचा दुसरा महिना, रात्रीचे अडीच. मेल मेडिकलमधल्या चौदा नंबरच्या काकांनी हाक मारली: ‘बेन, गभरामण थाय छे.’ माझ्या मराठी कानाला ऐकू आलं, काका घाबरलेत. नवीन जागा, एकटा माणूस, वाटत असेल. मी पाणी दिलं, उशी नीट केली, ‘गभराशो नहीं काका, हुं अहीं ज छुं’ म्हणून त्यांचा हात थोपटला आणि टेबलावर परत आले. वीस मिनिटांनी सिनिअर सिस्टर फेरी मारायला आल्या. त्यांनी काकांच्या कपाळाला हात लावला आणि तोच हात माझ्यासमोर धरला. ओला होता. गार, चिकट घाम. ईसीजीत हार्ट अॅटॅक निघाला. काका वाचले, त्या सिस्टरमुळे. त्यांनी मला ओरडलं नाही, फक्त विचारलं, ‘त्यांनी नेमका कोणता शब्द वापरला?’

गुजराती माणूस ‘गभरामण’ म्हणतो तेव्हा ती छातीतली कासाविशी असू शकते, धडधड, घाम, जीव वरखाली होणं. हा शब्द कानावर पडला की पल्स, बीपी, ऑक्सिजन बघायचं, साखर तपासायची आणि डॉक्टरांना सांगायचं. मुख्य म्हणजे विचारायचं: ‘क्यां थाय छे? छातीमां? परसेवो वळे छे?’ म्हणजे कुठे होतंय, छातीत का, घाम येतोय का.

दुसरा फसवा शब्द ‘खाली’. ‘हाथमां खाली चढे छे’ म्हणजे हाताला मुंग्या येतात, बधीर होतो. आपल्याला ‘खाली’ म्हणजे खालच्या बाजूला वाटतं आणि आपण हात उचलून उशीवर ठेवतो! हे अचानक, एकाच बाजूला झालं असेल तर तोंड वाकडं दिसतंय का, बोलणं अडखळतंय का, दोन्ही हात वर धरता येतात का हे ताबडतोब बघा, सुरू झाल्याची वेळ लिहा आणि डॉक्टरांना बोलवा. पक्षाघातात मिनिटं मोजली जातात.

बाकीचे लवकर अंगवळणी पडतात. ताव म्हणजे ताप, उधरस म्हणजे खोकला, झाडा म्हणजे जुलाब, चूंक म्हणजे पोटात मुरडा, खेंच म्हणजे फिट, सोजो म्हणजे सूज. ‘बाटलो चढावो’ म्हणजे सलाईन लावा.

सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या सरकारी ठिकाणी काम मिळालं तर छोटा उदेपूर, दाहोद, पंचमहाल, अगदी मध्य प्रदेशाच्या सीमेवरूनही पेशंट येतात, आणि त्यांना शहरी गुजरातीही परकी असते. बरोबरच्या नातेवाइकाला मध्ये घ्या, छोटी वाक्यं बोला, खुणा करायला लाजू नका. या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा, आनुवंशिक आजार बराच आहे. हातपाय, पाठ भयंकर दुखतेय म्हणून कळवळणारा तरुण मुलगा वरवर धडधाकट दिसतो, आणि नवखी नर्स त्याला ‘नाटक करतो’ समजते. सिकल सेल आहे का ते विचारा, त्याचं दुखणं खरं माना, आणि वेदनाशामक वेळेवर मिळेल हे बघा.

एक साधी सवय. पेशंटला ‘तमे शांताबेन?’ असं कधीच विचारू नका. कमी ऐकू येणारी म्हातारी बाई कशालाही मान हलवते, आणि एका वॉर्डात दोन शांताबेन हमखास असतात. ‘बा, तमारुं नाम शुं?’ असं विचारा, मग हातातल्या पट्ट्यावरचा नंबर ताडा.

औषध: हात थांबवायला शिका

पुस्तकातले नियम तुम्हाला येतात. मी फक्त दोन जागा दाखवते जिथे नवीन माणसाचा पाय घसरतो.

पहिली इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिली आणि १०० युनिट प्रति मिली, अशा दोन ताकदींच्या कुप्या मिळतात, आणि सिरिंजही वेगळ्या. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. आता समजा ऑर्डर २० युनिटची आहे. तुमच्या हातात १०० ची कुपी आणि लाल टोपीची सिरिंज आली. तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरलंत. ती रेघ अर्ध्या मिलीची आहे. त्यात १०० च्या कुपीतलं औषध म्हणजे ५० युनिट. अडीच पट! पहाटे पेशंट घामानं थबथबून बेशुद्ध. उलट झालं, ४० ची कुपी आणि केशरी टोपी, तर २० च्या रेघेला जातात फक्त ८ युनिट आणि सकाळी डॉक्टर विचारतात साखर का उतरली नाही. म्हणून कुपीवरचा आकडा आणि टोपीचा रंग मोठ्यानं वाचा आणि दुसऱ्या नर्सला दाखवा. मी आजही दाखवते.

दुसरी पोटॅशियम क्लोराइड. १० मिलीच्या त्या अँप्यूलमध्ये पाण्यासारखं स्वच्छ औषध असतं आणि ते थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. नेहमी पातळ करून, ठरलेल्या गतीनं, बाटली उलटी-सुलटी करून नीट मिसळून. आणि हे अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवलेलं दिसलं तर लगेच जागा बदला, इन्चार्जला सांगा.

ड्रिपचं गणित कागदावर करा, अंदाजानं नको. ५०० मिली चार तासांत द्यायचंय, सेट मिलीला २० थेंबांचा. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, आधी तो बघा.

डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर शेजारणीला ‘हे काय असेल?’ विचारू नका. दोघींचा अंदाज मिळूनही तो अंदाजच राहतो. ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारा. फोनवर ऑर्डर घेतली तर औषधाचं नाव, डोस आणि मार्ग त्यांना परत वाचून दाखवा, वेळ लिहा आणि ते आले की सही घ्या.

रात्री डॉक्टरांना फोन

नवीन मुलींना याची सगळ्यात जास्त भीती वाटते. फोन करायचा की सकाळपर्यंत थांबायचं? थांबू नका. पण फोन उचलण्याआधी दोन मिनिटं पेशंटजवळ उभं राहा, व्हायटल्स (पल्स, बीपी, श्वास, ऑक्सिजन) स्वतः घ्या, केसपेपर हातात ठेवा. ‘सर, पेशंटला बरं वाटत नाहीये’ असं सांगितलंत तर समोरचा झोपेतच काहीतरी सांगून फोन ठेवेल. असं सांगा:

‘सर, फिमेल मेडिकलमधून स्टाफ बोलतेय. बेड नऊ, ६२ वर्षांच्या बा, न्यूमोनिया, काल दाखल. दहा वाजता श्वास २२ होता, आता ३२. ऑक्सिजन दोन लिटर चालू असून सॅच्युरेशन ९४ वरून ८७ वर आलंय. पल्स १२४, बीपी ९४ वर ६०. बा झोपाळल्यात, नाव विचारलं तर उशिरा सांगतात. मला काळजी वाटतेय, तुम्ही आत्ता येऊन बघा. तोवर ऑक्सिजन किती वाढवू?’

कोण, काय झालं होतं, आता काय आहे, मला काय हवंय. गुजराती, हिंदी कशातही सांगा, क्रम हाच. ‘तुम्ही आत्ता येऊन बघा’ म्हणायला जीभ अडखळते, म्हणून घरी आरशासमोर म्हणून पाहा. डॉक्टर आले नाहीत आणि पेशंट खालावतोय तर त्यांच्या वरच्याला, नाहीतर नाइट सुपरवायझरला फोन. फोनची वेळ आणि उत्तर नर्सेस नोटमध्ये.

वरच्या उदाहरणात सगळ्यात आधी बदलला तो श्वास. नवीन चार्ट मी उघडते तेव्हा वीसच्या वीस पेशंटांचा श्वास ‘२०’ लिहिलेला असतो, कारण तो कुणी मोजतच नाही. मनगट धरून पल्स घेताय असं दाखवा आणि पूर्ण एक मिनिट छाती वर-खाली होते ती मोजा. एवढी एक गोष्ट मनापासून केलीत तर पहिल्या वर्षात तुम्ही कुणाचा तरी जीव वाचवाल.

ओव्हर देताना

पाळी बदलताना पेशंट पुढच्या नर्सच्या हाती सोपवणं म्हणजे ओव्हर. टेबलाशी उभं राहून वहीतून ओव्हर देऊ-घेऊ नका. पेशंटच्या पायथ्याशी जा. ड्रिप किती उरली, कॅथेटरच्या पिशवीत किती आणि कोणत्या रंगाची लघवी, ड्रेसिंग ओलं आहे का, पाठीवर लाली आहे का, हे दोघींच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. राहिलेलं काम लपवू नका. ‘सहाचं अँटिबायोटिक राहिलंय, फार्मसीतून आलं नाही’ म्हटलं तर समोरची कुरकुर करेल, पण पेशंटला डोस मिळेल.

सुई टोचली तर

सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या डब्यात. नळ्या, हातमोजे लाल पिशवीत. रक्ताचा कापूस, ड्रेसिंग पिवळ्या. काचेच्या कुप्या निळ्या डब्यात. २०१६ च्या नियमांनी हे ठरलेलं आहे.

तरीही टोचली, तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि त्याच क्षणी इन्चार्जला सांगा. पेशंटचं आणि तुमचं रक्त तपासलं जाईल. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते दोन तासांच्या आत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. एचआयव्हीबाधित सुईनं लागण व्हायची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी व्हायची मात्र ३० टक्क्यांपर्यंत. मुली हे लपवतात, कारण ‘निष्काळजी’ म्हणतील अशी भीती. माझ्या वॉर्डात मी पहिल्या दिवशी सांगते: सुई टोचल्याचं सांगायला आलेल्या मुलीला मी आधी खुर्ची देईन.

पहिला मृत्यू

तो येणारच. डॉक्टर ईसीजीची सरळ पट्टी काढून घोषित करतात, वेळ लिहितात. नंतरचं काम तुमचं आहे, ते सावकाश करा. घरच्यांना विचारा: तुळस-गंगाजल ठेवायचंय का, मुसलमान असतील तर तोंड कोणत्या दिशेला करू. मग नळ्या काढा. पण पोलिस केस असेल तर नळ्या, पट्ट्या जशाच्या तशा ठेवायच्या असतात, आधी विचारा. दागिने दोन साक्षीदारांसमोर उतरवा आणि ‘सोन्याच्या बांगड्या’ न लिहिता ‘पिवळ्या धातूच्या बांगड्या, दोन’ असं लिहून नातेवाइकांची सही घ्या.

रडू आलं तर औषधाच्या खोलीत जाऊन रडा, पाणी प्या, परत या. त्या रात्री घरी गेल्यावर आईला किंवा मैत्रिणीला सांगा. माझ्या पहिल्या पेशंटचं नाव मला अजून आठवतं.

पहिली एकटीची रात्र

उत्तरायणला १४ जानेवारीच्या रात्री किंवा नवरात्रात सुट्टी मिळेल असं धरून चालू नका. उत्तरायणला मांज्यानं कापलेले गळे आणि गच्चीवरून पडलेली मुलं येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमची सकाळची पाळी पोचूच शकली नाही. तेव्हापासून माझ्या लॉकरमध्ये एक जोडी कपडे, एक मोबाईल चार्जर आणि खाकऱ्याचं पाकीट कायम असतं. तुम्हीही ठेवा.

रात्री ड्यूटीवर आल्यावर आधी क्रॅश ट्रॉली तपासा, ऑक्सिजनचा दाब बघा, सक्शन चालू करून बघा, ऑन-कॉल डॉक्टर आणि सुपरवायझरचे नंबर हाताशी लिहून ठेवा. मग प्रत्येक पेशंटजवळ जा, नाव विचारा, श्वास मोजा. ज्याच्याबद्दल मनात खुट्ट होतं त्याच्या बेडचा नंबर तळहातावर लिहा आणि तासातासाला तिथे चक्कर मारा. दोन ते चारच्या दरम्यान डोळे मिटतात, औषध काढायचं असेल तर त्याआधी तोंड धुऊन या.

सकाळी ओव्हर द्या, सही करा. अॅक्टिव्हा चालवताना डोळ्यांवर झापड येत असेल तर अर्धा तास चेंजिंग रूममध्येच पडा, मग निघा. घरी पोचलात की कुणाला तरी ‘पोचले’ एवढा मेसेज टाका आणि पडदे ओढून झोपा.